कुंड कोणी भरले

सासुरवाडीच्या गावातील लहानशा बाप्टिस्ट चर्चचा इतिहास लिहिण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. मी शहरातल्या बरकतपुऱ्यात राहणारा, लग्नानंतर त्या मंडळीत सामील झालेला मराठी माणूस. मी मराठीत लिहीत गेलो, पत्नी त्याचे तेलुगू करीत गेली. आधार जुन्या नोंदवहीचा होता. तिच्यात पाळकांची नावे होती, छपराची नोंद होती आणि पहिल्या बाप्तिस्म्याविषयी एकच वाक्य होते: 'कुंड भरण्यात आले.' मी ते तसेच उचलले.

छापण्यापूर्वी पत्नीने सगळे तिच्या आईला वाचून दाखवले. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या वाक्याशी त्यांनी हात वर केला.

"अल्लुडुगारू," जावयाला त्या अशी आदराने हाक मारतात, "पाणी आपल्या पायांनी चालत आले वाटते?"

पत्नी हसली. मला हसता आले नाही.

आमच्या बाप्तिस्म्यात माणूस पूर्ण बुडावा लागतो. सासूबाई सांगू लागल्या: पहिल्या बाप्तिस्म्याच्या उन्हाळ्यात तळे आटले होते. चर्चमागचे दगडी कुंड बायकांनी दोन दिवस विहिरीवरून घागरी वाहून भरले. रविवारी पुरुष आधी उतरले. बायकांची पाळी आली तोवर पाणी गढूळ झाले होते.

"पाप धुतले गेले म्हणाले पाळक," सासूबाई म्हणाल्या. "साडीचा डाग मात्र राहिला."

"अत्तम्मा, हे आधी का नाही सांगितलेत?"

"तुम्ही वहीला विचारलेत. मला कुठे?"

खरेच होते. तीस वर्षे त्यांच्या हातचे जेवलो, पण त्यांच्याविषयी काही विचारावेसे मला वाटले नव्हते. त्या संध्याकाळी मी कागद घेऊन त्यांच्यापाशी बसलो. बोटांवर मोजत त्यांनी बायकांची नावे सांगितली. एक काही केल्या आठवेना.

"लंगड्या म्हशीवाली. तिला वगळू नका, सगळ्यांत मोठी घागर तिचीच होती."

पुस्तिकेत तसेच छापले: 'लंगड्या म्हशीची मालकीण.' वर्धापनाच्या रविवारी पत्नीने ते पान वाचले, तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले.

"ती माझी आई," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी नाव सांगितले.

प्रार्थनेनंतर मी प्रत्येक प्रतीत ते नाव हाताने लिहीत बसलो. सासूबाई शेजारी चटईवर बसून लक्ष ठेवून होत्या.

"नाव लिहा," त्या म्हणाल्या, "पण म्हैस खोडू नका."