म्हाताऱ्याची भूक

एका इग्वानामुळे माझ्या पोटात दुखायला लागलं होतं, हे आज सांगताना हसू येतं. तेव्हा अजिबात येत नव्हतं.

इग्वाना म्हणजे पाला खाणारा मोठा सरडा. आमचा शेपटीसकट चार फूट भरायचा. नवऱ्याच्या विमा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने बदलीवर जाताना तो 'दोनच महिने' म्हणून आमच्याकडे ठेवला आणि नंतर त्याने कधी फोनही केला नाही. नवऱ्याने कौतुकाने चार फोटो काढले आणि विषय संपवला. पिंजरा धुणं, दिवा लावणं, पाला निवडून बारीक चिरणं हे सगळं माझ्या गळ्यात पडलं, ते दहा वर्षं. मुलगी शिकायला पुण्याला गेली, नवरा ऑफिसात, घरात आम्ही दोघंच. मी बोलायची, तो ऐकायचा. दोन हजार सहा साली जयपूरला बदली झाली तेव्हा मी त्याला झाकणाच्या करंडीत घालून नेलं. तोवर त्याचं नाव 'म्हातारा' पडलं होतं.

जवाहर नगरात आम्ही वरचा मजला घेतला. खाली घरमालकीण एकट्या राहायच्या. साठीच्या, गोऱ्यापान, अख्खी कॉलनी त्यांना भाभीजी म्हणायची. घर देताना त्यांनी एकच अट घातली, "हमारे घर में अंडा-मांस नहीं आएगा." मी लगेच म्हटलं, "नहीं आएगा जी." ऑम्लेटशिवाय ज्याचा रविवार उजाडत नाही तो माझा नवरा मूग गिळून उभा होता.

पहिल्याच थंडीत म्हाताऱ्याची भूक कमी झाली. आमच्या खोल्या उत्तरेच्या, त्यात शेजाऱ्यांनी वर मजला चढवलेला, ऊन म्हणून नाहीच. सकाळी मेथी, भोपळ्याचा कीस, घेवडा, वर जास्वंदीचं फूल असं वाढलेलं ताट संध्याकाळी तसंच असायचं. फूल तेवढं गायब. मी काळजीत होते आणि एक दिवस दहाच्या सुमाराला दार उघडं राहिलं. म्हातारा एकेक पायरी जपून उतरत खाली निघाला. मी मागोमाग गेले.

अंगणात भाभीजी खाटेवर मंगोड्या वाळत घालत होत्या. मंगोड्या म्हणजे आपले मूगडाळीचे सांडगे. म्हातारा सरळ त्यांच्या पायाशी फरशीवर जाऊन पसरला. त्यांनी खाली वाकून त्याच्या गळ्याखाली बोट फिरवलं. "आ गया मेरा बेटा!" आणि त्याने डोळे मिटले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहा वर्षं मी त्याची घाण काढली. त्याने कधी माझ्यासाठी असे डोळे मिटले नव्हते. आणि बेटा? कुणाचा बेटा?

मग हे रोजचंच झालं. दहा वाजले की स्वारी दाराशी नखं घासायला लागायची. मी गॅलरीच्या कठड्याआडून बघायची. खाली तो तास तास पडून राहायचा, वर आला की माझ्या ताटाकडे ढुंकून बघायचा नाही. मी निष्कर्ष काढून मोकळी झाले: ही बाई त्याला डाळ चारते. एकदा तर मी त्याचं तोंड उघडून दातात डाळ अडकलीय का ते पाहिलं. नवरा पेपर वाचता वाचता म्हणाला, "अगं, सवत आल्यासारखं काय करतेस? सरडा आहे तो."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं.

भाभीजींना सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं म्हणजे आपल्याला झोंबलंय हे कबूल करणं आलं. त्यापेक्षा मी दुसरी वाट धरली. फार पूर्वी त्याने नवऱ्याच्या बशीतला अंड्याचा तुकडा पळवला होता आणि मटकावून पुन्हा मान वर केली होती, ते मला आठवलं. आमच्या कोपऱ्यावर उकडलेल्या अंड्यांची हातगाडी लागायची. मी तिथेच अंडं सोलून घेतलं, टरफलं तिथेच टाकली, अंडं स्टीलच्या डबीत, डबी पर्समध्ये, आणि भाभीजींना "राम राम जी" करत त्यांच्यासमोरून जिना चढले.

म्हाताऱ्याने ते माझ्या हातातून खाल्लं. बोटं चाटली. मला इतका आनंद झाला की मी दार लावून एकटीच हसले. आधी एक दिवसाआड, मग रोज. तो आता दहाला खाली जायचा खरा, पण माझी पर्स दिसली की पायऱ्या चढून वर यायचा. भाभीजी खालून हाका मारायच्या, "अरे बेटा, कहाँ चला?" ती हाक ऐकायला मला फार गोड वाटायचं.

होळी जवळ आली तसा तो पाणी फार प्यायला लागला. मग अंडंही नको झालं. शेपटीच्या मुळाशी हाडं दिसायला लागली. मागचे पाय ओढत चालायचा, बोटं थरथरायची. नवरा म्हणाला, "वय झालंय त्याचं." मला ते पटलं नाही. मला डाळच दिसत होती. डॉक्टरांच्या तोंडून ते भाभीजींना ऐकवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून दवाखान्यात निघताना मी साखर पेरून म्हटलं, "आप भी चलिए ना. आपका भी तो बेटा है."

त्या बिचाऱ्या पदर सावरून लगेच रिक्षात बसल्या. करंडी त्यांनीच मांडीवर घेतली.

दवाखान्यात आमच्या आधी बस्सी नावाच्या गावाहून आलेली एक शेळी होती. डॉक्टर माणूस सरळ होता. "ऐसा मरीज़ मेरे पास पहली बार आया है," म्हणाला आणि प्राणिसंग्रहालयात काम करणाऱ्या आपल्या मित्राला त्याने फोन लावला. मित्र विचारायचा, हा आम्हाला विचारायचा. पाणी किती पितो? खोली किती गार असते? पोट दाबून मूत्रपिंडं चाचपली, शेपटीतून रक्त घेतलं. मग म्हणाला, "गुर्दे सूजे लगते हैं. ये पत्ते खाने वाला जीव है. दाल, पनीर, अंडा, ऐसा कुछ देते हैं क्या?"

मी याचीच वाट पाहत होते. "मैं तो बस पत्ते देती हूँ," मी म्हटलं. "नीचे क्या मिलता है, वो ये जानें."

भाभीजींनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. "मैंने तो आज तक एक दाना नहीं दिया. किसी के बच्चे को उसकी माँ से पूछे बिना कौन खिलाता है? ये तो धूप सेंकने आता है."

डॉक्टरने मान डोलावली. अंगात ऊब नसेल तर या प्राण्याला भूकच लागत नाही, जे खाल्लं ते पचतही नाही, असं मित्राने सांगितलं होतं. म्हणजे तो त्यांच्याकडे जात नव्हता, उन्हाकडे जात होता. ऊन माझ्या घरात नव्हतं, एवढंच. "लेकिन गुर्दे?" डॉक्टर म्हणाला. "सच पता हो तो मैं उस हिसाब से इलाज करूँ. वरना अंधेरे में तीर है."

गप्प बसले असते तर घरही राहिलं असतं आणि इज्जतही. म्हातारा करंडीत मान टाकून पडला होता.

"अंडा," मी म्हटलं. "रोज़ एक. दो महीने से. घर में."

भाभीजींनी करंडीवरचा हात काढून घेतला.

घरी आल्यावर भाभीजींनी जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांवर गंगाजल शिंपडलं, मी उभी असताना. नवरा दुसऱ्या घराची चौकशी करायला लागला. मी म्हाताऱ्याला रोज सलाइन टोचून आणायची, कोमट पाण्यात बसवायची, तोंडाशी कोवळी पानं धरायची. आठ दिवस त्याने तोंड उघडलं नाही.

नवव्या दिवशी खालून आवाज आला, "धूप निकल आई है. ले आओ उसको."

मी त्याला उचलून खाली नेलं आणि फरशीवर ठेवलं. ताटली बाजूला ठेवून उभी राहिले. भाभीजींनी ताटलीतला दुधीचा कीस चिमटीत उचलला आणि मान वर करून मला विचारलं, "खिलाऊँ?"

मी मान हलवली.

त्याने त्यांच्या हातातून खाल्लं. थोडंच, पण खाल्लं, आणि डोळे मिटले. तो वाचेल असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि त्याच क्षणी पोटात तेच जुनं दुखणं उठलं. मी रडायला लागले. भाभीजींना वाटलं आनंदाने रडतेय. त्यांनी खाटेवर सरकून मला जागा करून दिली, आणि मी त्यांना काहीच सांगितलं नाही.