तिच्या पदराच्या गाठी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते फ्री थ्रोची रेघ मारायचं. ती सुतळीचं टोक अंगठ्याखाली दाबून उकिडवी बसली होती आणि मी समोरून चुन्याची फक्की सोडत तिच्याकडे येत होतो. ऊन अजून रिंगच्या फळीवर चढलं नव्हतं.

“सरळ धर,” मी म्हटलं.

“सरळच आहे. तुम्ही वाकडे येताय.”

“बारा वर्षं रेघा मारतोय मी.”

“आणि बारा वर्षं मी धरतेय, म्हणून सरळ येतात.”

तेवढ्यात बास्केटबॉलच्या टीममधली वेसाव्याची पोर आली. तिची आई मासळी विकायला कॉलेजसमोरच्या बाजारात बसायची, त्यामुळं ती सगळ्यांच्या आधी पोचायची. आल्याआल्या तिनं कानातल्या कुड्या काढल्या आणि माझ्या बायकोपुढं धरल्या. बायकोचा एक हात सुतळीवर. तिनं दुसऱ्या हातानं घेतल्या आणि माझ्याकडं केल्या.

“अहो, जरा धरा. माझा हात गुंतलाय.”

मी घेतल्या, कुठंतरी ठेवल्या आणि रेघ पुरी केली. कुठंतरी, असं आज लिहितोय. त्या दिवशी मला घेतल्याचंसुद्धा आठवलं नाही. देवाशपथ नाही आठवलं.

मी शाळा फार शिकलो नाही. अंधेरीच्या एका कॉलेजात शिपाई होतो, आणि ती तिथंच मुलींच्या कॉमन रूमवर बाई. राहायला कॉलेजच्या मागं खोली. दारात उभं राहिलं की मैदान दिसायचं. गिरण्या बंद पडल्या त्याच्या एक-दोन वर्षं पुढची गोष्ट. मुलींची बास्केटबॉलची टीम होती आणि तिला शिकवणारे आम्ही तिघं, असं मी आता म्हणतो. तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. सर खरे कोच. बँकेत नोकरीला, स्वतः खेळलेले, शिट्टी गळ्यात घालूनच जन्माला आल्यासारखे. मॅनेजर म्हणून एक मॅडम होत्या, त्या कागदावर सही करायच्या आणि घरी जायच्या. मुलींच्या टीमबरोबर एक बाईमाणूस पाहिजेच, असा नियम, म्हणून माझी बायको जायची. मी मैदानावर पाणी मारायचो, रोलर फिरवायचो, बॉलमध्ये हवा भरायचो. पोरी मला मामा म्हणायच्या आणि तिला मावशी. आणि वर खिदळायच्या, “मामा-मावशी नवरा-बायको कसे गं?” ती म्हणायची, “नशीब. भाऊ असता तर वर्षातून एकदा ओवाळून सुटले असते.”

खेळताना अंगावर दागिना चालत नाही. रेफरी आधी हात, कान, गळा बघतो. म्हणून बांगडी, चेन, कानातलं, सगळं तिच्याकडं यायचं आणि ती पदराला गाठी मारून ठेवायची. प्रत्येकीची जागा ठरलेली. पदराच्या टोकाला कॅप्टनची गाठ, तिच्यावर वेसाव्याच्या पोरीची, मग बाकीच्या. खेळ संपला की ती पदर पुढं धरायची आणि पोरी आपापली गाठ आपल्या हातानं सोडून घ्यायच्या. एकदाही चुकली नाही.

गाठी मारता मारता तिची नजर पोरींवर असायची. बास्केटबॉलचा एक नियम तिला सांगता आला नसता, पण कोणाला दम लागलाय, कोण घरी भांडून आलीय, कोणाचं पोट दुखतंय, हे तिला सरांच्या आधी कळायचं. एकदा वांद्र्याला मॅच होती. ती सरांना म्हणाली, “सर, कॅप्टन उजव्या पायावर उतरत नाहीये. काढा तिला.” सर म्हणाले, “मावशी, लिंबं कापा तुम्ही.” पाच मिनिटांत पोर पाय धरून खाली. तेव्हापासून सर मॅचमध्ये मान न वळवता विचारायचे, “मावशी, काय म्हणता?” आणि ती म्हणेल तिला बाहेर घ्यायचे.

पुढच्या वर्षी टीमच्या फॉर्मवर ‘सहाय्यक प्रशिक्षक’ असा रकाना होता. तिथं सरांनी तिचं नाव घातलं. तिला सही तेवढी यायची, ती केली. घरी येऊन मला विचारलं, “सहाय्यक म्हणजे काय हो?”

“मदतनीस.”

“मग ते आधीपासून आहेच की,” म्हणाली. पण त्या दिवशी भाकऱ्या करताना गुणगुणत होती. मी ऐकलं.

तर त्या दिवसाकडं येतो. दुसऱ्या दिवशी मॅच होती, आमच्याच मैदानावर. प्रॅक्टिस संपली. पोरी पदराभोवती गोळा झाल्या, आपापलं घेतलं. वेसाव्याच्या पोरीच्या जागी गाठच नव्हती.

“मावशी, माझ्या कुड्या?”

बायकोनं माझ्याकडं बघितलं. “ह्यांच्याकडं दिल्यात.”

“माझ्याकडं? कधी?”

“सकाळी. रेघ मारताना.”

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. बिड्या, काडेपेटी, किल्ल्या. “बघ. काहीतरीच काय बोलतेस?”

पोर पळत जाऊन आईला घेऊन आली. तिच्या हाताला मासळीचं पाणी तसंच होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “मावशे, सोनं गं ते. म्हावरं नाय, का आज गेलं तर उद्या येल. माझ्या सासूच्या कुड्या हायत त्या.”

“ह्यांच्याकडं दिल्यात,” बायको परत म्हणाली. आवाज पहिल्यापेक्षा हळू.

मी घाबरलो. खरं लिहायचं तर तेवढंच होतं, मी घाबरलो. शिपायाच्या घरावर चोरीचा डाग पडला की नोकरी गेली, खोली गेली. सर बघत होते, पोरी बघत होत्या. मला वाटलं, ही विसरली आणि आता माझ्यावर ढकलतेय. मी ओरडलो, “माझं नाव घेऊ नको! पदर झटक. सगळ्यांसमोर झटक!”

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. सुतळीच्या दुसऱ्या टोकावरून मी वाकडा येतोय का, हे बघायची ना, तसं. मग पदर खांद्यावरून ओढला आणि झटकला. एक केसातली पिन पडली आणि लिमलेटच्या गोळीचा कागद.

मग सर घसा खाकरून म्हणाले, “मावशी, उद्या मॅचला तुम्ही राहू द्या. विषय जरा शांत होऊ दे.”

“बरं,” ती म्हणाली.

मैदानातून खोलीकडं निघाली. फक्कीची रेघ आडवी आली तर तिच्यावर पाय नको म्हणून लुगडं उचलून ओलांडली. तशा वेळीसुद्धा. ते मला आजपण दिसतं. दोरीवर धुतलेलं वाळत घालताना दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी बसलंय असं वाटतं, आणि मी तिकडं बघत नाही. सून म्हणते, “बाबा, कपडे कसे घालता, सगळे एका बाजूला?”

दुपारी जेवायला गेलो. भात झाला होता, माझं ताट वाढून झाकलेलं. ती भिंतीला टेकून बसली होती. मी आधी रागातच होतो, म्हटलं, “बोलायचं नसेल तर नको बोलू.” ताट ओढून घेतलं. दोन घास खाल्ले. दोन घास, तिच्यासमोर बसून. मग तिला हात लावला, तर गार.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. आधीपासून असणार, म्हणाले. असेलही. ती दम लागला तर दुसऱ्यांचा सांगायची, स्वतःचा नाही.

शेजारणीनं तिला आंघोळ घालून नवीन लुगडं नेसवलं. जुनं घडी करून माझ्याकडं देताना म्हणाली, “भाऊ, पदराला गाठ आहे. रिकामीच आहे.” मी बघितलं. टोकापासून दुसरी जागा, वेसाव्याच्या पोरीची. आमच्यात हरवलेलं सापडावं म्हणून बायका पदराला गाठ मारतात आणि सापडल्यावरच सोडतात. घरी आल्यावर तिनं भात टाकला असेल आणि ती गाठ मारली असेल. मी विचारलं, “सोडायची का?” शेजारीण म्हणाली, “सापडलं का?” मी नाही म्हटलं. “मग राहू दे.” संध्याकाळच्या आत तिला नेलं, आणि लुगडं ट्रंकेवर राहिलं, गाठीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेलो. सुतकात कोणी कामावर जातं का, असं भाऊबंद म्हणाले. पण स्टोअरची किल्ली माझ्याकडं होती, मॅच होती, आणि खोलीत त्या लुगड्यासमोर बसवेना. सर म्हणाले, “मामा, अहो तुम्ही कशाला आलात?” मी म्हटलं, “बॉलमध्ये हवा भरायचीय.”

पंपाची सुई मी एका जुन्या तंबाखूच्या डबीत ठेवायचो. आदल्या सकाळी रेघ मारताना ती डबी माझ्या खिशात होती, मग ती मी स्टोअरच्या फळीवर ठेवली आणि नंतर उघडलीच नव्हती. आता झाकण काढलं. सुईशेजारी दोन कुड्या.

बाहेर सर हाका मारत होते. मी डबी तशीच उघडी घेऊन मैदानात आलो. पोरी बाकावर बसल्या होत्या. एकीनं चेन मोज्यात कोंबली होती, दुसरीनं बांगड्या रुमालात. वेसाव्याच्या पोरीची आई पण आली होती. बायको गेल्याचं कळलं म्हणून बाजारात बसली नव्हती, पाटी बाजूला ठेवून बाकामागं उभी होती.

मी डबी पुढं केली. “माझ्याकडं होत्या,” म्हटलं. “ती खरं बोलत होती. दोनदा बोलली. मी चुकलो.” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. काल जेवढ्या मोठ्यानं ओरडलो होतो तेवढ्या मोठ्यानं म्हणायला गेलो, पण आवाज तेवढा निघाला नाही.

सरांनी टोपी काढली. आईनं कुड्या बघितल्या, मग माझ्याकडं.

“आता सांगतोस?” म्हणाली.

पोरीनं डबीतून कुड्या उचलल्या.

तयारीची शिट्टी झाली. पोरीला कुड्या घालून खेळता येणार नव्हतं. तिनं बाकाकडं बघितलं, जिथं बायको बसायची तिथं, आणि मग काही न सुचून माझ्यापुढं हात केला. “मामा, धरता?”

मी हात मागं घेतला. “आईकडं दे,” म्हटलं.

फ्री थ्रोची रेघ काल प्रॅक्टिसमध्ये पुसली होती, ती मारली. सुतळीच्या दुसऱ्या टोकावर वीट ठेवली. वीट सरकली, रेघ रिंगकडं थोडी वाकडी गेली. रेफरी बघून पुढं गेला. मग मॅच बघायला मी थांबलो नाही.

खोलीत गेलो. ट्रंकेवरचं लुगडं मांडीवर घेतलं. गाठ घट्ट होती, नखानं सुटेना. दातांनी सोडली.