मधी कोण बसलंय

उमापुरात घरी बसून तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स लावला, तेव्हा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. शिकवणारे सर पुण्याचे, कॅमेरा कायम बंद, आणि आवाज एवढा गोड की असा आवाज विमा विकणाऱ्याचाच असतो. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "ज्याचं तोंड दिसत न्हाई त्याचं कावून ऐकायचं?" माझा स्वभाव त्यांच्यावरच गेलाय. शेवटची परीक्षा पास झाली की कंपनीत नोकरी, असं सर सांगत. ते मला खरं वाटत नव्हतं. पण नोकरी लागली तर आई-दादांचं ऊसतोडीला जाणं सुटणार होतं, म्हणून गप शिकत होते.

शिकायचं काय, तर एका सॉफ्टवेअरचा निरोप दुसऱ्याला समजेल असा बदलून पुढं धाडायचा. त्याला मेसेज फ्लो म्हणतात. परीक्षेला सरांनी साखर कारखाना दिला. काट्यावरचं वजन ऑफिसच्या कम्प्युटरला पोचवायचं.

दादा शेजारी येऊन बसले. "काट्यात अन् ऑफिसात मधी कोण बसलंय?"

"कुणी न्हाई. मी लिहिलेला प्रोग्रामच निरोप बदलून धाडतोय."

"मंग बदलतंय म्हणतीस, ते काय बदलतंय?"

"नुसती मांडणी, दादा. आकडा न्हाई."

त्यांना पटलं नाही. उभा जन्म उसाची गाडी काट्यावर नेली आणि दर वेळी काटा मारला म्हणून चरफडत आले, ते माझं काय ऐकणार? त्यांनीच एका गाडीचं वजन सांगितलं, दोन टन सहाशे चाळीस किलो. मी २.६४० टाकलं. पलीकडं नुसता २ उमटला.

सरांनीच मुद्दाम घोळ घालून ठेवलाय, असं मला वाटलं. त्यांनी दिलेलं सगळं तासभर उकरलं. खोट माझ्यातच निघाली. वजनाच्या रकान्यात मी पूर्णांक निवडला होता, म्हणून टिंबापुढचं सगळं गळत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक झाली, दादा. लबाडी न्हाई."

"आसंल," ते म्हणाले. "पर चुकून आमचं वजन कवा जास्ती भरलेलं मी पाह्यलं न्हाई."

मी दुरुस्त करून पाठवलं. आधीचंच पाठवलं असतं तर नापास केलं असतं का, असंही सरांना लिहून विचारलं. लगेच उत्तर आलं, "तुम्ही पास आहात. निरोप पोचला की झालं, आकडे आम्ही तपासत नाही."

"काय म्हणले सर?" दादांनी विचारलं.

"पास झाले," मी म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.