गुडघे टेकायची मुभा

शिकागोच्या संग्रहालयातल्या त्या मराठी पहारेकरी मावशींचं नाव विचारायचं राहिलंच. आठ तास उभी ड्यूटी. बसलात की नोकरी गेली! पहारेकऱ्यांना खुर्ची मिळावी म्हणून आमच्या युनियनने काढलेलं पत्रक मी त्यांना देताना खाली पडलं आणि त्याला त्यांचा पाय लागला. त्यांनी चटकन वाकून ते कपाळाला लावलं.

"मावशी, पाया काय पडताय? सही करा!"

त्यांनी तिथेच गुडघे टेकले. समोरच्या जुन्या इटालियन चित्रातला गुबगुबीत देवदूतही तसाच गुडघे टेकून होता.

"टाचांना बरं वाटतंय गं. इथे एवढी मुभा फक्त त्यालाच."

तेवढ्यात सुपरवायझर आला. मावशींनी हात जोडून डोळे मिटले. थकलेल्या बाईला बसू न देणारा तो गृहस्थ, प्रार्थना समजून, चक्क चवड्यांवर चालत निघून गेला.

"गेला?" मावशींनी डोळे न उघडता विचारलं. "पेन दे."