मास्तरांची नाव आणि तुळेचा शेवटचा दिवस

वीस मैलांना दहा दिवस! कुंभकोणमहून मायावरमला आगगाडी तासा-दीड तासात नेऊन सोडते. बसायला बाक असतो, डोक्यावर धड छप्पर असतं. पण सोपी वाट पसंत पडली तर ते विजयराघव मास्तर कसले! त्यांनी नाव घेतली. नाव म्हणजे काय, तर वरच्या अंगाला पूल झाल्यापासून मेलकावेरीच्या घाटावर बिनकामाची पडलेली, माणसं आणि बैल पलीकडे नेणारी जुनी रुंद होडी. तिच्यावर मास्तरांनी बांबूची चौकट उभी केली, माडाच्या झावळ्या घातल्या, आत दोन खाटा, एक शेगडी आणि स्वतःसाठी एक वेताची आरामखुर्ची ठेवली. मग घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगो, महाल तयार आहे."

अलमेलुने कपाळावर हात मारला. "महाल मज कशास हवा? मज मायावरमला न्या म्हटलं. एवढंच म्हटलं!"

एवढंच म्हणायला तिला चाळीस वर्षं लागली होती. ऐप्पसी या तमिळ महिन्यात सूर्य तूळ राशीत असतो, तेव्हा खुद्द गंगा न्हायला कावेरीत येते असं मानतात, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी, कडैमुखाला, मायावरमच्या घाटावर बुडी घ्यायची असते. तंजावरकडची मराठी घरंही हे सगळं तमिळांच्या बरोबरीने पाळतात. मास्तरांच्या घरचं झाडून सगळं माणूस दर वर्षी जाई. फक्त परत आल्यावर गरम भात आणि सार कोण वाढणार, म्हणून एकजण मागे राही. हा एकजण म्हणजे अलमेलु. आधी नवी सून म्हणून राहिली, मग पोट पुढे आलं म्हणून, मग सासू अंथरुणाला खिळली म्हणून, मग नणंदेचं बाळंतपण, मग नातवाच्या गोवर-कांजिण्या. सगळे ओल्या कपड्यांनी परत यायचे, तांब्यातलं चार थेंब पाणी तिच्या डोक्यावर शिंपडायचे आणि म्हणायचे, "झालं हो तुझंही स्नान!" आणि पानावर बसायचे. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण हातात वाढायचा डाव असायचा.

आता उजवा गुडघा गेला होता. वैद्यांनी चाचपून सरळ सांगितलं, "यंदा कशाबशा उतराल. पुढल्या साली घाटाच्या पायऱ्या विसरा." त्या रात्री अलमेलुने जेवायला बसलेल्या नवऱ्याला विचारलं नाही, बजावलं. मास्तरही विरघळले. गर्दीत, गाडीतून उतरून, त्या पायऱ्यांवरून तिला कसं न्यायचं? त्यापेक्षा नाव थेट घाटाला लावायची, हिने नावेतूनच पाण्यात पाय टाकायचा. विचार चांगला होता, नाही असं नाही. पण चांगल्या विचाराचं वाटोळं कसं करावं हे त्यांच्याकडून शिकावं.

निघाल्या दिवसापासून मास्तर खुर्चीत. पाय काठावर, मांडीवर मठातून टपालाने आलेलं पंचांग. दोन्ही तीरांना भाताची शेतं हिरवीगार, बगळ्यांच्या रांगा, मधूनच खंड्या पाण्यात सूर मारायचा, आणि मास्तर ओरडायचे, "अगो, बघ, बघ की!" अगो काय बघणार? ती ओल्या सरपणावर फुंकर घालत असायची, डोळ्यांतून धारा. ऐप्पसीचा पाऊस रोज दुपारी हजर. छप्पर गळायचं ते नेमकं तिच्याच खाटेवर. मास्तरांची खुर्ची कोरडी ठणठणीत!

"माणिक्कम," ती नावाड्याला तमिळमध्ये म्हणाली, "हे छप्पर तुमच्या वाद्यारांनी मोजून बांधलं की काय?" माणिक्कम मागच्या टोकाला बांबू रेटत उभा असायचा. मास्तरांना तो वाद्यारच म्हणायचा. तो हसला आणि म्हणाला, "अम्मा, गणिताचे वाद्यार. मोजल्याशिवाय काही करणार नाहीत."

पाऊस एक वेळ परवडला, पण विद्यार्थी! छत्तीस वर्षं मास्तरांनी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे कावेरीकाठी गाव असं उरलं नव्हतं जिथे त्यांनी कुणाचा कान पिळला नाही. घाट दिसला की कुणीतरी धोतर सावरत धावत यायचं. "सार! आमचे सार!" लगेच मास्तर म्हणायचे, "माणिक्कम, लाव नाव!" आणि पाठोपाठ, "अगो, कॉफी." त्रिभुवनमच्या खालच्या एका गावात चौदा जण चढले. नाव कलंडायला आली. चौदा वेळा डिकॉक्शन, चौदा वेळा दूध तापवायचं, आणि घोट घेत सगळे काय बोलतात, तर कुणाला परीक्षेत किती मार्क पडले होते. घरी निदान माजघराला दार तरी होतं, ते लोटून घेता यायचं. इथे मेलं ते पण नाही!

"कडैमुखापर्यंत पोचतो ना आपण?" ती रोज विचारायची.

"हिशोब केलाय," मास्तर म्हणायचे.

आता खरं सांगायचं तर एका सकाळी तिला बरं वाटलं होतं. पाऊस उघडला होता, काठावरच्या झाडांची पानं धुतल्यासारखी झाली होती, मास्तर अजून घोरत होते. ती नावेच्या काठावर बसली आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. थंडगार पाणी वाहत होतं, गुडघ्याची ठसठस कुठे गेली कळलं नाही. अर्धा तास कुणी काही मागितलं नाही. ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नाही. सांगितली असती तर त्याचंही श्रेय त्यांनी घेतलं असतं, आणि शिवाय कॉफी मागितली असती.

कुत्तालमला कृष्णमूर्ति भेटला. एके काळी गणितात दोनदा आपटलेला, आता भाताच्या गिरणीचा मालक. त्याने जेवायला थांबवून घेतलं. हात धुताना तो सहज म्हणाला, "सार, उद्या कडैमुख. आता निघालात तर संध्याकाळपर्यंत मायावरम गाठाल. की मोटार काढू?"

"उद्या कशाचं?" मास्तर म्हणाले. "परवा. हे बघ." त्यांनी पंचांग उघडलं. सूर्य परवा दुपारी तीन वाजता तूळ सोडून वृश्चिकेत जाणार होता. म्हणजे परवा सकाळी तो तुळेतच, म्हणजे शेवटचं स्नान परवा सकाळी. गणित बिनतोड होतं. कृष्णमूर्तिने डोकं खाजवलं. तमिळांची मोजणी निराळी. सूर्य ज्या दिवशी मावळण्याआधी रास बदलतो, तो अख्खा दिवस ते नव्या महिन्याचा पहिला धरतात, म्हणून कडैमुख त्याच्या आदल्या दिवशी. पण दोनदा नापास झालेला माणूस मास्तरांशी वाद घालायची छाती कुठून आणणार? त्याने विड्याचं तबक पुढे सरकवलं.

अलमेलुने नुसतं विचारलं, "अवो, याच गावचा आहे तो. त्यास ठाऊक नसेल?"

"त्यास पाढे ठाऊक नव्हते," मास्तर म्हणाले.

मग काय, मुक्काम कुत्तालमलाच. दुसऱ्या दिवशीही सकाळी गिरणी पाहणं झालं, दुपारी निवांत निघाले. काठाच्या रस्त्यावरून बैलगाड्याच बैलगाड्या येत होत्या, मायावरमकडून. गाड्यांच्या टपांवर ओली लुगडी वाळत टाकलेली, बायकांचे केस मोकळे, ओले. अलमेलु शेगडी सोडून नावेच्या काठाशी आली.

"हे लोक न्हाऊन परतताहेत!"

"रोजचं तूळस्नान," मास्तर पान लावत म्हणाले. "महिनाभर चालतं ते. उगाच जीव खाऊ नकोस."

तिने विश्वास ठेवला. चाळीस वर्षांत तिथी, वार, ग्रहण, मुंजीचा मुहूर्त, काहीच तिने स्वतः मोजलं नव्हतं. घरात गणिताचे मास्तर असताना तिला कोण मोजू देणार होतं? शिवाय विश्वास ठेवला नसता तर पुढे काय, हा विचार तिला करवेना.

सकाळी नाव मायावरमच्या घाटाला लागली. पायऱ्या रिकाम्या. चिखलात तुडवलेली फुलं, केळीची पानं, फुटक्या पणत्या. दोघं माणसं मांडवाचे बांबू सोडवत होती. एक फुलवाली, धनलक्ष्मी तिचं नाव, टोपलीत उरलेली शेवंती झाकत बसली होती.

"कडैमुख?" अलमेलुने विचारलं. 

"काल झालं, अम्मा. काय गर्दी होती म्हणता!" तिने या बाईचा चेहरा पाहिला आणि घाईघाईने पुढे म्हणाली, "पण आजचंही चालतं हो! आज लंगड्याचं स्नान. एक लंगडा बिचारा लांबून खुरडत निघाला, पोचला तर दिवस सरलेला. रडायला लागला. देवाने त्याच्यासाठी एक दिवस वाढवून दिला. आज बुडी घेतली तरी कालचंच पुण्य."

मास्तर नावेतून पंचांग हलवत होते. "काल कसं होईल? सूर्य अजून तुळेत आहे! आमच्या हिशोबाने आजच—"

"मिटा ते!"

माणिक्कमच्या हातातला बांबू जागीच थांबला. अलमेलु कधी ओरडत नसे.

"मिटा ते पंचांग. चाळीस वर्षं माझे दोन्ही पाय धड होते. तेव्हा कुणी आणलं नाही. आता पाय गेला तेव्हा आणलंत, आणि आणलंत ते कधी, तर लंगड्याच्या दिवशी!"

मांडव सोडणारी माणसंही वळून बघायला लागली. मास्तरांनी पंचांग मिटलं. त्यांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं, सूर्याबद्दलच असणार, पण ते त्यांनी गिळलं. मग नेसत्या जरीकाठी धोतरानिशी ते नावेतून पाण्यात उतरले. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "ये."

लग्नात हात धरला होता, त्यानंतर चारचौघांत त्यांनी तिला बोटही लावलं नव्हतं. अलमेलुने मांडववाल्यांकडे पाहिलं, फुलवालीकडे पाहिलं. बघू देत मेल्यांना. तिने मास्तरांचे हात घट्ट धरले आणि नावेच्या काठावरून पाण्यात पाय टाकला. गुडघ्यातून कळ गेली. पाणी कमरेला लागलं तशी कळ सरली.

तिने बुडी घेतली. वर आली, श्वास घेतला, पुन्हा घेतली. तीन बुड्या पुरतात. तिसरी झाल्यावर मास्तर तिला वर घ्यायला वाकले, पण तिने मान हलवली आणि चौथी घेतली. घरी कुणी जेवायला खोळंबलं नव्हतं. प्रत्येक वेळी वर आली की तिला मास्तरांचे ओठ हलताना दिसायचे. सवयच ती, मोजत होते. पाच, सहा, सात. ती थांबेना. दर बुडीला तिला वाटायचं आता पुरे, आणि मागचं एखादं वर्ष आठवायचं, सासूचं, नणंदेचं, गोवराचं, की पुन्हा खाली जायची. अकरावीनंतर वर आली तेव्हा मास्तरांचे ओठ मिटलेले होते. ते नुसते तिचे हात धरून उभे होते, आणि तिने पुन्हा बुडी घेतली.