घोड्याची रजा

पाडव्याच्या शोभायात्रेत माझी थोरली बहीण घोड्यावर बसणार, हे मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या समितीने तिला विचारण्याआधीच बॅनरवर छापलं. नऊवारी, फेटा, हातात तलवार. फोटो मागच्या वर्षीच्या यात्रेतला, तिची पाठ धड होती तेव्हाचा.

माघात तबेल्यात घोडा बुजला आणि ताई पाठीवर आपटली. ती दर रविवारी घोडेस्वारी करणारी. कंबरेतली चकती सरकली. फिजिओथेरपिस्ट बाई तिला मोठ्या रबरी चेंडूवर बसवत आणि कंबर मागेपुढे हलवायला लावत, चालत्या घोड्यावर हलते तशी. त्यांची अट होती: एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात मोजा घालता आला, की खोगीर. त्याआधी धक्का बसला तर घोडेस्वारी कायमची विसरायची.

पाडवा आला तरी ताई मोजे पलंगावर बसूनच घालत होती.

समितीचे अध्यक्ष घरी आले. आधी चहा घेतला.

"अगं, तुला कुठे शर्यत मारायचीय? नुसतं बसायचंय. चालायचं घोड्याला आहे."

"काका, फिजिओ नाही म्हणतायत."

"फिजिओ म्हणजे शिकलेले मालिशवाले. आमच्या हिला रबराचे पट्टे ओढायला लावतात. हा काय उपचार झाला?"

"बघते," ताई म्हणाली. समितीने तो होकार धरला. समितीला नकार कळण्याची सोय नव्हती.

पाडव्याला सकाळी वरातीचा पांढरा घोडा आला, गोंडे आणि झालर लावून. ताईने सवयीने लगाम धरून त्याला थोडं चालवून पाहिलं.

"काका, याचा पुढचा डावा पाय दुखतोय."

"अरे, बाजूला घ्या त्याला! मुक्या जनावराला त्रास नको!"

भूतदयेची चढाओढ लागली. एकाने गूळ आणला, दुसऱ्याने बादली. तिसऱ्याने घोडेवाल्याला झापलं, चौथ्याने ते मोबाईलवर टिपलं. डॉक्टरचा दाखला कोणी मागितला नाही. ताईच्या एका वाक्यावर घोड्याला रजा मिळाली आणि भांडुपहून बदली घोडा आला.

"चल गं, चढ. ढोलवाले खोळंबलेत."

समितीने सकाळीच डोक्यावर बांधलेला फेटा ताईने उतरवून अध्यक्षांच्या हातात दिला.

"नुसतं बसायचंय ना, काका? तुम्हीच बसा."

"मी? वेड लागलं का तुला? माझा गुडघा माहितीये ना?"

कोणी हसलं नाही. गुडघा सगळ्यांना पटला. फेटा खोगिरावर बांधून घोडा रिकामाच मिरवला.

वैशाख संपता संपता ताई दारात एका पायावर उभी राहिली, मोजा घातला आणि तबेल्याकडे निघाली. मी नाक्यापर्यंत सोबत गेलो. बॅनर अजून तिथेच होतं. त्यावर अध्यक्षांचा फोटो तिच्या फोटोहून मोठा होता, पण कमरेपर्यंतचाच. गुडघा काही दिसत नव्हता.