भासऱ्याशी बोलायचं नसतं

तुमच्या घरात अशी कोणी बाई आहे का, जिला तुमच्याशी बोलायचं तर मधे एखादं लेकरू लागतं? लगेच नाही म्हणू नका. आमच्या घरातही कुणी हो म्हटलं नसतं, आणि आमचं घर तर पत्रकांचं होतं.

बाबा शाळेत मास्तर, पण गावात त्यांची ओळख ‘पत्रकवाले गुरुजी’ अशी. महिन्या-दोन महिन्यांनी ते गोंदियाला जाऊन छापखान्यातून गठ्ठा घेऊन यायचे. हुंडा, अंधश्रद्धा, मुलींचं शिक्षण, स्त्री-पुरुष समता. कागद पिवळा नाहीतर गुलाबी, ओली शाई बोटांना लागायची. घड्या घालणं माझं काम. मी वाचायला शिकले तीच मुळी त्या पत्रकांवर. सडक अर्जुनीच्या बाजारात, हायवेच्या कडेला उभी राहून मी ती वाटली आहेत. ट्रकवाले धाब्यावर त्यातच भजी बांधून घ्यायचे. मला संताप यायचा. बाबा हसून म्हणायचे, “तेल लागलं तरी अक्षर वाचता येतं.”

काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. मी चौथीत असताना काका तापानं गेले. वाटण्या आधीच झालेल्या होत्या. चुली दोन, अंगण एकच. काकीच्या वाट्याला नहराकाठची, कालव्यालगतची, धानाची बांधी एवढं एकच शेत आलं होतं, एक बैलजोडी होती, आणि तेवढ्यावर ती उभी होती.

बाबा तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही, अशी रीत. त्यामुळे काकीला काही सांगायचं असलं की मला हाक यायची. बाबा तेव्हा चार हातांवर खाटेवर बसलेले असायचे.

“बाई, सांग तुह्या बाबाले, मिरची वाटून ठेवली म्हना.”

“बाबा, मिरची...”

“ऐकलं. तिला सांग, ठीक आहे.”

तिनंही ते ऐकलेलं असायचं. तरी मी वळून सांगायचीच. मला तो खेळ वाटायचा. कधी मी मधेच घुसडायची, “काकी म्हणते, पोरीला बाजारातून बुंदी आणा.” काकी पदराआड फिसकन हसायची. बाबा बुंदी आणायचे. त्या वेळी घरात समतेच्या पत्रकांचा गठ्ठा छताला टेकलेला होता, आणि आम्हा कुणालाच त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

मी सातवीत होते तेव्हाचा आषाढ. नहराला इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं आणि काकीच्या बांधीत पाणी भरलं. आता नांगरून चिखल केला की रोवणी. पण नांगर धरणारा माणूस मिळेना, जो तो आपल्या शेतात. पऱ्हं, म्हणजे धानाची रोपं, वाढत चाललेली. पऱ्हं म्हातारं झालं की रोवूनही हाती काही येत नाही. वर्षभराचा तांदूळ त्या चिखलावर अवलंबून होता.

“बाई, सांग तुह्या बाबाले, एक दिवस गडी द्या म्हना.”

बाबा म्हणाले, “तिला सांग, आपलं झालं की पाठवतो.”

आमचं होईना. काकीनं पुन्हा विचारलं. तेव्हा बाबा म्हणाले, “त्यापेक्षा तिला सांग, बांधी मीच करतो, अर्ध्या वाट्यानं. बाईमाणसानं एकटीनं कशाला ओढायचं?”

मी निरोप नेला. काकी सुपात तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

“आज अर्ध्यानं,” ती म्हणाली. “उद्या?” मग माझ्याकडे पाहून, “हे नोको सांगू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर थबकले. काकीनं नांगर धरला होता. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एक हात रुमण्यावर, चिखल पोटऱ्यांपर्यंत. बैल तिच्याच हातचा कोंडा खाणारे, ते तिच्या आवाजावर मुकाट्यानं वळत होते.

आमच्याकडे बाई रोवते, निंदते, कापते, भारे वाहते, मळणीला उभी राहते. फक्त नांगराला हात लावत नाही. लावला तर पाऊस रुसतो. हे कुठल्या पत्रकात नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि मला काय वाटलं? आनंद. बाबा आता हिच्यावर पत्रक काढतील, असं मला वाटलं. शाळेत बसून मी त्याचा मथळाही मनात तयार केला.

संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यावर गाव जमलं. सरपंच बाईच होती, राखीव जागेवरची. ती कोपऱ्यात बसली होती आणि तिच्या वतीनं तिचा नवरा बोलत होता.

“पाऊस गेला तं जबाबदारी कोन घेईल?”

“हिच्या बांधीले नहराचं पानी हाय. आमी पावसावरच्या मानसाईनं काय करावं?”

“उद्या बाया नांगर धरतीन, तं आमी काय रोवना करावं का?” कुणीतरी म्हणालं.

“तुही कमर वाकते का रे बुढ्या?” एक म्हातारी म्हणाली आणि सगळे हसले. हसू विझल्यावर तीच म्हातारी काकीकडे वळली. “हसले म्हून खरं समजू नोको पोरी. आमी तुह्याकडे रोवाले नाई येनार. आमाले बी लेकरं हायत.”

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. मला धक्का बसला, पण मी स्वतःला समजावलं, यांनी पत्रकं वाचलेली नाहीत. बाबा उठले तेव्हा मी ताठ बसले.

त्यांनी चष्मा पुसला. “आपण वाद वाढवू नये,” ते म्हणाले. “बाई एकटी आहे. घाबरली, चूक झाली तिच्याकडून. तिनं नांगराची पूजा करावी, पाया पडावं, गावाला एक जेवण द्यावं. पुढच्या सालापासून ती बांधी मी पाहीन.”

“गुरुजीनं भांडन बराबर तोडलं,” लोक म्हणाले.

मी वाट पाहत राहिले. मला वाटलं, यापुढे ‘पण’ येईल. बाबांच्या भाषणात ‘पण’ नंतरच खरं यायचं. ते खाली बसले. धोतराचा सोगा नीट केला. मला माझे कान खोटे वाटायला लागले.

“बाई, इकडे ये,” काकीनं मला हाक मारली.

मी गेले. सवयच होती. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, निरोप ऐकायला. काकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाजूला सारलं. पदर होता तसाच नाकापर्यंत. पण ती सरळ बाबांकडे तोंड करून बोलली.

“भाऊजी, मी घाबरली नाई. पऱ्हं म्हातारं होऊन राहिलं होतं म्हून नांगर धरला. तुमाले गडी मांगतला होता. पूजा मी नाई करत. आन् बांधी माही माह्याजवळच राहीन.”

नांगर सगळे विसरले. “भासऱ्याशी बोलली,” एवढंच पुटपुटणं ओट्यावरून फिरत गेलं. तिच्या शब्दांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आणि बाबा? ते माझ्याकडे बघत होते. तिनं त्यांना जे सांगितलं ते मी पुन्हा सांगावं म्हणून थांबले होते. पत्रकं लिहिणारा माझा बाप.

तो निरोप मी पोचवला नाही.

रोवणीला कुणी आलं नाही. काकीची म्हातारी आई माहेराहून, बिरसीकडून बसनं आली. मी शाळा बुडवली. एके दुपारी माझी आई डब्यात भात घेऊन आली, डबा धुऱ्यावर ठेवला, पदर खोचला आणि चिखलात उतरली. घरी काय सांगून आली होती ते मी विचारलं नाही. तरी बांधीचा एक कोपरा राहिलाच. तिथलं पऱ्हं पिवळं पडलं. पाऊस त्या वर्षी चांगला झाला आणि त्याचा संबंध कुणीही काकीशी जोडला नाही. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा नांगर धरला, तेव्हा ती म्हातारी आपल्या दोन सुनांना घेऊन रोवायला आली.

मी बाबांना एकदाच विचारलं, “पत्रकात तर तुम्ही लिहिता...”

“पत्रक लोकांसाठी असतं बेटा,” ते म्हणाले. “आपल्याला गावात राहायचं असतं.”

कॉलेजला असताना मी काकीच्या माहेरी बिरसीला जायची तेव्हा तिथल्या वैमानिक शाळेची छोटी विमानं धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालत असायची. त्यात मुलीही शिकतात, असं लोक सांगायचे. खाली मात्र बाईनं कशाला हात लावायचा, हे तसंच ठरलेलं होतं.

आता मी नागपूरला असते. गावात ट्रॅक्टर आले. बांधी काकीचीच आहे. त्या दिवसापासून ती बाबांशी सरळ बोलते. बाबा तिला कधीच उत्तर देत नाहीत. मध्यंतरी त्यांचा फोन आला. “बेटा, काकीला सांग, तिची गाय आपल्या परसात शिरली.” मधे फक्त अंगण. आणि निरोप नागपूरवरून.

त्याच आठवड्यात त्यांनी नवीन पत्रकाचा मजकूर तपासायला पाठवला. ‘आमच्या गावातील एका धाडसी भगिनीने नांगर हाती धरून रूढीला आव्हान दिले.’ मी ते वाक्य कितीदा तरी वाचलं. मग काकीला फोनवर वाचून दाखवलं.

“हे भगिनी कोन?” तिनं विचारलं.

“तू.”

ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, “सांग तुह्या बाबाले, आपल्या तोंडानं म्हना म्हनाव.”

मी बाबांना कळवलंय, अंगण ओलांडा, तिला समोर बसवून हे वाचून दाखवा, मग मी शुद्धलेखन तपासते. अजून त्यांनी वाचलेलं नाही. मजकूर माझ्याजवळच पडून आहे.

तुम्ही थांबू नका. हा कागद खाली ठेवा. सून असो, भावजय असो, धाकट्या भावाची बायको असो, जी तुमच्याशी लेकराच्या तोंडून बोलते तिला आज हाक मारा. लेकराला खेळायला पाठवा. तिला काय हवंय ते तुम्ही स्वतः विचारा, आणि तिचं उत्तर तिच्या तोंडून येईपर्यंत जागचे उठू नका.